स्वादचाचणी, जाहिरातींतील

स्पर्धक खाद्यपेयांची नावे झाकून ती ग्राहकांना चाखावयास देणे व त्यांच्या पसंतीचा जाहिरातीत पुरावा म्हणून उपयोग करणे, या पद्धतीस स्वादचाचणी म्हणतात. नव्या पदार्थाची पारख करण्याचे हे मूलतः संशोधनाचे साधन होय. जाहिरातीत मात्र अनुकूल निष्कर्ष निघेल अशी चाचणीची मांडणी करण्याचा मोह होतो. अशा जाहिरातींतील आकडे बहुधा खोटे नसतात. प्रश्न कोणास व कसा विचारला आणि उत्तरे कशी मोजली, यांतून दिशाभूल होते.

मांडणी : १९७५ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे सुरू झालेल्या ‘पेप्सी चॅलेंज’ मोहिमेत कोका-कोलाच्या पेल्यावर ‘क्यू’ व पेप्सीच्या पेल्यावर ‘एम’ हे अक्षर होते. कोका-कोला कंपनीने दोन्ही पेल्यांत स्वतःचेच पेय ओतून चाचणी घेतली, तेव्हाही ‘एम’ला अधिक पसंती मिळाली. शिवाय एका घोटापुरते अधिक गोड पेय सरस वाटते; संपूर्ण बाटली पिताना तसे वाटेलच असे नाही. सु. २ लाख चाचण्यांचा आधार असलेले नवे कोका-कोला एप्रिल १९८५ मध्ये बाजारात आले. परंतु ग्राहकांच्या विरोधामुळे ७९ दिवसांतच जुने पेय परत आणावे लागले.

निवड : १९८१ मध्ये श्लिट्झ बिअरच्या थेट प्रक्षेपित चाचणीत मिशेलोब पिणारे १०० जण निवडले होते. त्यांपैकी ५० जणांनी श्लिट्झ पसंत केली. चवींतील फरक ओळखता येत नसेल, तर केवळ योगायोगानेही निम्मी मते मिळतात; परंतु सर्वजण प्रतिस्पर्ध्याचे ग्राहक असल्याने बरोबरीच विजयासारखी भासली. २००८ मध्ये बर्गर किंगने थायलंड, रूमानिया व ग्रीनलंड येथील बर्गर न चाखलेल्या लोकांना आपला व्हॉपर व मॅकडॉनल्ड्सचा बिग मॅक खाऊ घातला. असे लोक निःपक्षपाती भासतात. तथापि आवड सवयीने घडत असल्याने त्यांच्या कौलावरून नित्य ग्राहकांची पसंती कळत नाही. या जाहिरातीवर शोषणाचा आरोपही झाला.

मोजणी : ट्रायम्फ सिगारेट मेरिटइतकी वा तिच्याहून चांगली असल्याचे ६०% लोक म्हणतात, असा दावा करण्यात आला होता. प्रत्यक्षात ३६% लोकांना ट्रायम्फ व ४०% लोकांना मेरिट आवडली होती. २४% लोकांना दोन्ही सारख्याच वाटल्या. त्याच हिशेबाने मेरिटच्या बाजूने ६४% लोक होते. १९८० मध्ये न्यायालयाने या जाहिरातीस मनाई केली.

नियंत्रण : अमेरिकेत दिशाभूल करणाऱ्या तुलनेविरुद्ध प्रतिस्पर्ध्याला लॅनहॅम अधिनियमान्वये (१९४६) दाद मागता येते. १९८२ मध्ये बर्गर किंगच्या तुलनात्मक जाहिरातींविरुद्ध मॅकडॉनल्ड्सने खटला भरला. तो त्याच वर्षी न्यायालयाबाहेर मिटला. मात्र वादातून प्रसिद्धीही मिळते : २००९ मध्ये सबवेने स्वादचाचणीबाबत पाठविलेले आक्षेपपत्र डॉमिनोजच्या प्रमुखांनी जाहिरातीतच जाळून दाखविले. भारतात १९८५ मध्ये स्थापन झालेली मुंबई येथील भारतीय जाहिरात मानक परिषद स्वयंनियमन करते. ग्राहक संरक्षण अधिनियमान्वये (२०१९) दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

चाखण्याचा क्रम यदृच्छ ठेवणे, पदार्थ सारख्याच ताजेपणाचे व तापमानाचे असणे, नमुना पुरेसा घेणे आणि ‘फरक वाटत नाही’ ही उत्तरे स्वतंत्रपणे देणे, ही विश्वसनीय चाचणीची गमके होत. यांचा उल्लेख टाळून केवळ टक्केवारी देणारी जाहिरात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.