व्यायाम सुरू केला आणि थकवा वाढला: कोणता थकवा चालेल, कोणता तपासायला हवा?

पोलीस भरतीची चाहूल लागली की शाळेचे मैदान, गावाबाहेरचा रस्ता आणि विहारासमोरची मोकळी जागा पहाटे पाचला जागी होते. पहिल्या आठवड्यात तिथे पंधरा-वीस मुले-मुली धावताना दिसतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातली बरीच गळालेली असतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. अंगात ताकदच राहत नाही, अभ्यासिकेत पुस्तक उघडले की डोळे मिटतात. आजूबाजूचे लोक मात्र एका शब्दात निकाल लावतात: आळशी आहे.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि त्याची किंमत मोठी असते. सध्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुणांचे, १०० मीटर १५ गुणांचे आणि गोळाफेक १५ गुणांची. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. थकव्याला घाबरून तिसऱ्या आठवड्यात घरी बसलेला मुलगा हे गुण गमावतो. थकव्याकडे दुर्लक्ष करून धावत राहणारा कधी कधी त्याहून जास्त गमावतो. जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला होता, हे विसरता येणार नाही. म्हणून कोणता थकवा चालेल आणि कोणता नाही, हे प्रत्येक उमेदवाराला आणि त्याला धावायला लावणाऱ्याला कळले पाहिजे.

आधी साधा थकवा घेऊ. नवीन व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या आखडतात, जिना उतरताना कळ येते. मैदानावर याला ‘लॅक्टिक ॲसिड साचले’ असे म्हणतात. हा जुना गैरसमज आहे. धावताना तयार झालेले लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते, ते दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. दुखते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. अशा इजा स्नायू ताणला जात असताना जोर लावला की अधिक होतात, म्हणजे उतारावर धावताना किंवा बैठक मारताना खाली जाताना. हे दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वात जास्त असते, मग उतरते. तोच व्यायाम पुन्हा केला की कमी दुखते, कारण स्नायू सावरताना अधिक टणक होतो.

दुसरा थकवा दम लागण्याचा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत शरीर रक्तातला द्रव वाढवते, त्यामुळे हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते. स्नायूंच्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे घटक वाढायला मात्र कित्येक आठवडे लागतात. म्हणजे खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि कमाई महिन्याभराने दिसते. मधल्या काळात थकवा वाटणे स्वाभाविक आहे. दर आठवड्याला तो थोडा थोडा कमी होत असेल तर काळजीचे कारण नाही.

पण आपल्या मुलांचा हिशेब इथेच संपत नाही. व्यायामाच्या बहुतेक सल्ल्यांत असे गृहीत धरलेले असते की माणूस व्यायाम करतो आणि उरलेला वेळ बसून काम करतो. आपल्याकडचा उमेदवार सकाळी धावतो, दिवसा कंपनीत उभा राहतो किंवा शेतात, बांधकामावर, डिलिव्हरीच्या गाडीवर असतो, आणि रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत बसतो. पहाटे साडेचारला पुन्हा उठतो. साडेचार तासांच्या झोपेत कोणाचाही स्नायू सावरत नाही. ताकद वाढते ती धावून झाल्यानंतर, जेवणात आणि झोपेत. तरुणाला सात-आठ तास झोप लागतेच. वेळापत्रकात ती बसत नसेल तर आठवड्यातून सहा दिवस धावण्याऐवजी चार दिवस धावावे. जास्त मजुरी झालेल्या दिवशी फक्त चालावे. ही सूट समजू नका, हा तयारीचाच भाग आहे.

सुरुवातही हळू हवी. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून १६०० मीटर मारणे हा आपल्या मैदानांवरचा सर्वात वाईट रिवाज आहे. पहिले तीन आठवडे दोन मिनिटे हळू धाव, एक मिनिट चाल, असे आलटून पालटून वीस-पंचवीस मिनिटे पुरेसे आहे. धावताना सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. वेगाचा सराव त्यानंतर, आठवड्यातून एक-दोनदा.

जेवणाबद्दल थोडक्यात. रात्रभराच्या उपाशीपणाने यकृतातला साखरेचा साठा बराच उतरलेला असतो, म्हणून धावण्याआधी अर्धा तास एखादे केळे किंवा थोडे गूळ-शेंगदाणे खावेत. धावून आल्यावर नुसता चहा-बिस्कीट हे जेवण नव्हे. डब्यातल्या महागड्या पावडरीवर पैसे घालण्याची गरज नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात, १०० ग्रॅम फुटाण्यांत २० ग्रॅमच्या आसपास. मोड आलेली मटकी, चवळी, डाळ, मासळी, मटण, जे घरात होते आणि परवडते ते रोज पोटात गेले पाहिजे.

आता न चालणारा थकवा. तीन-चार आठवडे नीट झोप, पुरेसे जेवण आणि हळू सुरुवात करूनही थकवा जागचा हलत नसेल, जिना चढताना धडधडत असेल, डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, तर पहिली शंका रक्तातल्या हिमोग्लोबिनची घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये आणि सुमारे २२ टक्के पुरुषांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे मैदानावर दहा मुली धावत असतील तर त्यातल्या पाच-सहा जणी कमी रक्तावर धावत असण्याची शक्यता आहे. ऑक्सिजन वाहून नेणारेच कमी, मग दम कुठून येणार? अशा मुलीला ‘मन लावून धावत नाहीस’ म्हणणे अन्याय आहे.

महिलांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लोह कमी निघाले तर डॉक्टर गोळ्या देतात. त्या लिंबू किंवा आवळ्यासोबत चांगल्या अंगी लागतात आणि जेवणासोबतचा चहा लोहाची वाट अडवतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी अनेक मुली दप्तरातच ठेवतात. ती याच कारणासाठी असते, हे मोठ्या बहिणींनी घरात सांगायला हवे.

विदर्भातील वाचकांनी पुढचा भाग जास्त लक्ष देऊन वाचावा. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले आणि त्याचा भर आदिवासी भागांवर आहे. पण विदर्भात हा आजार आदिवासींपुरता नाही. आपल्या समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. ‘तो आपला आजार नाही’ या समजुतीत राहून आपली मुले तपासणीबाहेर राहता कामा नयेत.

इथे ग्रस्त आणि वाहक यांतला फरक नीट समजून घ्यावा. आई आणि वडील या दोघांकडून सिकलसेलचे जनुक आले तर मूल ग्रस्त होते. त्याला रक्तक्षय आणि वेदनांचे झटके येतात. अति श्रम, थंड पाणी, शरीरातले पाणी कमी होणे यांतून झटका उद्भवू शकतो. त्याने व्यायाम डॉक्टरांना विचारूनच ठरवावा आणि मनानेच लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. एकाच पालकाकडून जनुक आले तर तो वाहक. वाहक सहसा आयुष्यभर ठणठणीत असतो, त्याचे हिमोग्लोबिनही सहसा नॉर्मल येते. म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनच्या रिपोर्टवरून वाहक आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते.

मग वाहकाने धावायचे की नाही? धावायचे. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांवरचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. अति श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र इतरांच्या सुमारे दीडपट होता. त्या लष्करात पाणी, विश्रांती आणि उन्हाची हळूहळू सवय हे नियम सर्वांना लागू होते, ही बाब महत्त्वाची. वाहक म्हणून कोणाला मैदानाबाहेर काढणे चूक आहे. भर उन्हात, पाण्याविना, आदल्या रात्रीच्या प्रवासानंतर त्याला जीव तोडून पळायला लावणे ही त्याहून मोठी चूक आहे.

स्नायू विरघळणे हे ऐकायला विचित्र वाटते, पण ते कोणालाही होऊ शकते. सवय नसताना एका दिवसात शेकडो जोर-बैठका मारल्या की स्नायूंतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, स्नायू सुजून कडक झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धावताना छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, उन्हात घाम थांबून बरळायला लागणे, यांतले काहीही झाले तर ‘उठ, अजून एक राउंड’ म्हणू नये. सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन आणि दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला थकव्यासोबत असेल, तर क्षयरोगाची तपासणी आधी, मैदान नंतर.

विहारांमध्ये, वस्त्यांमध्ये भरतीचे मोफत सराव वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक काम पहिल्याच आठवड्यात उरकावे. जवळच्या आरोग्य केंद्राशी बोलून सर्व मुला-मुलींचे हिमोग्लोबिन आणि विदर्भात सिकलसेलची तपासणी एका सकाळी करून घ्यावी. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्यावा, चारचौघांत वाचून दाखवू नये. आणि प्रत्येक राउंडनंतर पाणी पिता येईल इतका मोठा माठ मैदानाच्या कडेला ठेवावा.