पोलादाची वंशावळ

आपल्या स्वयंपाकघरातील गॅसची टाकी आपण रोज पाहतो. परंतु तीवर कोरलेली अक्षरे वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वरची गोल कडी ज्या तीन पट्ट्यांनी टाकीस जोडलेली असते, त्यांपैकी एकीच्या आतील अंगास ‘बी-२८’ अशासारखी खूण आढळेल. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर व डी म्हणजे डिसेंबरअखेर. तेव्हा ह्या टाकीची फेरतपासणी २०२८ सालच्या जूनअखेरपर्यंत झाली पाहिजे, असा त्या खुणेचा अर्थ. नवी टाकी दहा वर्षांनी व पुढे दर पाच वर्षांनी तपासावी लागते. तारखेखेरीज रिकाम्या टाकीचे वजन, कारखान्याची खूण व अनुक्रमांक हेही टाकीवर असतात. तारीख पाहून टाकी घ्यावी, हे पालकवर्गास ठाऊक असेलच. परंतु आमच्या मते ह्या साऱ्यांत अधिक बोलका आहे तो अनुक्रमांक.

ही टाकी एकसंध नसते. पोलादी पत्र्याच्या दोन खोलगट वाट्या दाबून काढतात व त्यांची तोंडे जुळवून मधोमध वेल्डिंगचा वळसा देतात. आत १४.२ किलो गॅस दाबाखाली कोंडलेला असतो; तो सांधा उकलला तर घराचे काय होईल ते सांगावयास नको. म्हणूनच नागपूर येथे मुख्य कचेरी असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या संमतीवाचून कोणतीही टाकी वापरात येऊ शकत नाही. आणि ही संमती लोखंड पाहून जितकी मिळते तितकीच कागद पाहून मिळते.

येथे वाचक म्हणतील, चांगली वस्तू चांगलीच असणार. कागदाने तिच्यात काय भर पडते? खवा चाखून व कापड चोळून पारखता येते हे खरे. परंतु वेल्डिंगची गोष्ट निराळी आहे. वरून सुरेख दिसणाऱ्या सांध्याच्या पोटात भेग असू शकते. रॉड दमट राहिला तर त्या ओलाव्यातील हायड्रोजन तप्त धातूत शिरतो, आणि सांधा थंड झाल्यावर कित्येक तासांनी, कधी दोन दिवसांनीही, आतल्या आत चीर पडते. तोवर कारागीर घरी गेलेला असतो व सांध्यावर रंगही चढलेला असतो. अशा वेळी रॉड कोणत्या पेटीतला, भट्टीत किती वेळ वाळविला, सांधा कोणी केला व क्ष-किरणांचे छायाचित्र कोणत्या क्रमांकाचे, हे सांगणारी वही हाच एक साक्षीदार उरतो.

वहीचा आरंभ पोलादाच्या घाण्यापासून होतो. भट्टीतून एका वेळी निघालेल्या रसाचा तो एक घाणा. त्यास क्रमांक देतात व त्याच्या गुणधर्मांचा दाखला मालाबरोबर पाठवितात. कारखान्यात ह्या दाखल्यास ‘टी.सी.’च म्हणतात, आणि विद्यार्थ्यांची टी.सी. हरवली असता जी तारांबळ उडते तीच पोलादाच्या टी.सी.ने उडते! खरी मेख मात्र पुढेच आहे. घाण्याचा क्रमांक मोठ्या प्लेटच्या एका कोपऱ्यावर असतो. प्लेट कापली की कोपऱ्याचा तुकडा तेवढा नामधारी राहतो, आणि बाकीचे सारे तुकडे बेवारशी होतात. शेताची वाटणी भावाभावांत झाली व पोटहिस्सा नोंदवावयाचा राहिला, तर पुढे नातवंडांनी जुनी पहाणीपत्रके कितीही धुंडाळली तरी कोणता तुकडा कोणाचा ते उमगत नाही. आपल्या जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांस हा अनुभव नवा नाही. म्हणून कापण्यापूर्वीच प्रत्येक तुकड्यावर पंचाने तो क्रमांक उतरवून घ्यावयाचा, असा नियम आहे. कापल्यावर उतरविलेला क्रमांक हा तर्क होय, नोंद नव्हे.

लहानशा सांध्याकडे दुर्लक्ष झाल्याने काय ओढवते ह्याचे दारुण उदाहरण २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात घडले. अलेक्झांडर किलँड नावाचा पोलादी तरंगता तळ वादळात उलटला. त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ दगावली. चौकशीत आढळले की, एका जाड नळीवर पाण्यातील ध्वनी टिपणाऱ्या उपकरणाचा आधार वेल्ड केलेला होता; भंगाचा उगम त्या क्षुल्लक सांध्यापाशी झाला. तेथील भेगेत रंग सापडला. अर्थात तळ समुद्रात जाण्यापूर्वीच, रंगकाम झाले त्या वेळीच, भेग तेथे होती. मुख्य सांध्यांची कसोशीने तपासणी करणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने हा आधार म्हणजे किरकोळ जोडकाम. वहीत काय लिहावयाचे हे ठरविताना ‘किरकोळ’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो, तो ह्यासाठी.

वही असून उपयोग नाही असेही घडते. आठवड्याच्या नोंदी शनिवारी सायंकाळी एका बैठकीत, एकाच शाईने, एकसारख्या अक्षरात भरलेल्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या मोठ्या नीटनेटक्या दिसतात. काजळीचे बोट उमटलेले, मध्येच खाडाखोड करून शेजारी सही केलेले पान आम्हांस त्यांहून अधिक विश्वासार्ह वाटते.

परभणी स्थानकाच्या फलाटावर उभे राहून (खाली उतरून मात्र नव्हे) रुळाच्या बाजूस दृष्टी टाकली, तर उठावाची अक्षरे दिसतात: कारखाना, रुळाचा प्रकार, घडणीचे साल. दोन रूळ जेथे वितळत्या पोलादाने जोडलेले असतात तेथेही महिना, साल, काम करणारी संस्था, वेल्डरचा क्रमांक व सांध्याचा क्रमांक ह्यांची खूण करण्याची पद्धत आहे. ध्वनिलहरींच्या तपासणीत एखादा सांधा सदोष निघाला, की त्या वेल्डरने त्या दिवशी केलेले इतर सांधे वहीवरून शोधून पुन्हा तपासता येतात. खूण पुसली गेली असेल तर त्या पट्ट्यातील सगळेच सांधे संशयित ठरतात, आणि निर्दोष काम केलेला वेल्डरही त्यांतच मोजला जातो.