बाळ निजले म्हणजे गुण आला?

'पूर्वीची औषधे साधी, झाडपाल्याची आणि निर्धोक असत; अपाय करणारी रसायने आताच्या औषधांबरोबर आली' हे विधान घरगुती गप्पांपासून आरोग्यविषयक सदरांपर्यंत इतक्या निःशंकपणे केले जाते, की त्याला पुरावा मागणे हेच औचित्याला सोडून असल्यासारखे वाटू लागते. या विधानात तीन दावे एकमेकांत गुंफलेले आहेत: जुनी औषधे वनस्पतींपासून बनत, ती निरुपद्रवी होती, आणि विषारी द्रव्ये ही नव्या काळाची देणगी आहे. यांपैकी पहिला दावा बऱ्याच अंशी खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच उरलेले दोन खोटे ठरतात.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सामान्य कुटुंबांना बाटलीबंद स्वरूपात विकल्या गेलेल्या बालौषधांतील सर्वांत प्रभावी घटक कोणता, याचे उत्तर पुन्हा पुन्हा एकच येते: अफू. खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडल्यावर जो पांढरा चीक ओघळतो, तो वाळून काळपट झाला की अफू तयार होते. तिला ना कारखाना लागतो, ना प्रयोगशाळा. झाडपाल्याचे औषध म्हणून याहून अस्सल उदाहरण शोधून सापडणार नाही. मॉर्फीन हे अफूतील प्रमुख वेदनाशामक द्रव्य असून ते वनस्पती स्वतःच तयार करते. रसायनशास्त्राने केले ते एवढेच, की ते वेगळे काढून मोजता येण्याजोगे केले. म्हणजे 'नैसर्गिक' हा शब्द पदार्थ कोठून आला हे सांगतो, तो शरीरात जाऊन काय करतो हे सांगत नाही, हा साधा भेद लक्षात घेतला तर मूळ विधानाचा निम्मा डोलारा तेथेच कोसळतो.

अमेरिकेतील मेन राज्यात १८४९ पासून विकले गेलेले 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' हे या वर्गातील सर्वांत गाजलेले औषध होते. दात येताना किरकिर करणाऱ्या बाळांसाठी ते विकले जाई आणि त्याच्या मूळ कृतीत एका द्रव औंसात, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटरमध्ये, ६५ मिलिग्रॅम मॉर्फीन असे. सहा महिन्यांच्या बाळाला एक चमचा, दिवसातून तीन-चार वेळा, असा त्याचा सांगितलेला डोस होता. चमचा लहान धरला तरी त्यात ८ मिलिग्रॅम आणि आजच्या ५ मिलिलिटरच्या मापाने ११ मिलिग्रॅम मॉर्फीन येते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांसाठी प्रौढ माणसाला इंजेक्शनवाटे दिली जाणारी नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. तोंडावाटे घेतलेल्या मॉर्फीनचा बराच भाग यकृतात निष्प्रभ होतो हे हिशेबात धरले, तरी सात किलोच्या बाळासाठी हा आकडा अंगावर काटा आणणारा आहे. १९०६ च्या अमेरिकी कायद्याने अशा औषधांतील मॉर्फीन, अफू, मद्यार्क इत्यादींचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक केले, तेव्हा कोठे बाटलीत काय आहे हे आयांना वाचता येऊ लागले. तोवरच्या सहा दशकांत 'निर्धोक' हे विशेषण मात्र जाहिरातीत अबाधित होते.

हे सर्व परदेशातले, आपल्याकडे असे काही नव्हते, असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी मुंबईचा गिरणगाव विसरू नये. मराठीत 'अफूची गोळी' हा शब्दप्रयोग भुलवून निजवण्याच्या अर्थाने रूढ आहे; मुंबईतल्या कामकरी वस्त्यांत तो शब्दशः खरा होता. अफू आणि मसाल्याचे पदार्थ एकत्र करून केलेली 'बाळागोळी' तेथे तान्ह्या मुलांसाठी उघडपणे विकली जाई. १८९३ साली नेमलेल्या शाही अफू आयोगापुढे या गोळ्यांचा विषय निघाला होता. पुढे मुंबई सरकारने गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स यांचा अहवाल १९२२ साली 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात औद्योगिक कामगार स्त्रियांच्या अर्भकांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते असे नोंदवले गेले. हा आकडा अतिशयोक्त वाटत असेल त्याने तो निम्मा करावा. तरी 'आपल्याकडे नव्हते' हे म्हणणे उभे राहत नाही.

या प्रथेचा दोष आयांच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. १९२२ च्या सुधारित कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराच्या दिवसाला ११ तासांची आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. म्हणजे ही मर्यादासुद्धा तेव्हा सुधारणा समजली जात होती. पाळणाघर नाही, चाळीतली खोली एकच, तीत भाडेकरू अनेक, आणि रजा घेतली तर मजुरी बुडते, अशा स्थितीत सकाळी दिलेली गोळी बाळाला आई परत येईपर्यंत गप्प ठेवते हा तिचा 'गुण' होता. प्रश्न आहे तो आज, चार-पाच पिढ्यांनंतर, त्या काळाचे भाबडे गुणगान करणाऱ्यांचा.

अफू दिल्यावर बाळ शांत का होते, हे येथे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण सगळ्या गैरसमजाचे मूळ त्या शांततेत आहे. मॉर्फीन मेंदूतील विशिष्ट ग्राहकांना, म्हणजे पेशींवरील ठरावीक रेणूच ओळखणाऱ्या जागांना, चिकटते आणि वेदनेची जाणीव बोथट करते. त्याच वेळी ते गुंगी आणते, आतड्यांची हालचाल मंदावते आणि श्वासाची गती कमी करते. पोट दुखत असलेले, भुकेलेले, ताप आलेले किंवा ओल्या दुपट्यात पडलेले, अशी चारही बाळे या औषधाने सारखीच गप्प होतात. रडणे हे बाळाच्या हातातले एकमेव साधन असल्याने ते काढून घेतले की तक्रार संपते, कारण मात्र जागच्या जागी राहते. शिवाय गुंगीतले बाळ अंगावर नीट पीत नाही; पीत नाही म्हणून वाळते, आणि वाळलेले बाळ एखाद्या हगवणीत गेले, तर त्या मृत्यूची नोंद अफूच्या नावावर होण्याचे काही कारणच उरत नाही.

यानंतर येते ते अखेरचे आणि सर्वांत हट्टी उत्तर: 'आम्हालाही तेच दिले होते, आम्ही जगलोच ना?' जगले त्यांनाच हे वाक्य म्हणता येते, एवढे सांगून खरे तर विषय संपायला हवा. संख्याशास्त्रात या दोषाला 'तगलेल्यांचा पूर्वग्रह' म्हणता येईल: उरलेल्यांकडे पाहून निष्कर्ष काढायचा आणि जे उरले नाहीत त्यांची मोजदादच करायची नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला भारतात दर हजार जन्मांमागे सुमारे दीडशे मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली हा आकडा २८ होता. या घसरणीचे श्रेय लसी, स्वच्छ पाणी, प्रतिजैविके, आयांचे शिक्षण अशा अनेक गोष्टींकडे जाते, अफू बंद होण्याला त्यातले किती द्यावे हे वेगळे काढता येत नाही. परंतु ज्या काळात सातांपैकी एक मूल वर्षाच्या आत जात होते, तो काळ बालसंगोपनाचा आदर्श म्हणून पुढे ठेवण्यास काही तरी संकोच वाटावयास हवा.

अफूखालोखाल गैरसमज आहेत ते ग्राइप वॉटरविषयी. विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १८५१ साली ते तयार केले. दलदलीच्या प्रदेशातील हिवतापासारख्या ज्वरावर मुलांना जे औषध देत, त्याच्यावरून त्याला ही कल्पना सुचली. मूळ मिश्रणात बडीशेपेच्या जातकुळीतल्या शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि ३.६ टक्के मद्यार्क असे. बाटलीवर साप आवळणाऱ्या बाल हर्क्युलिसचे चित्र असे. मराठी घरात ते पाहणाऱ्याला बाळकृष्ण आणि कालिया आठवला तर नवल नाही. 'जर्नल ऑफ द रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन'मध्ये २००० साली ब्लुमेन्थाल यांनी या औषधाचा इतिहास तपासला असून त्याच्या उपयुक्ततेला ठोस आधार त्यांना आढळला नाही. ब्रिटनमध्ये १९९२ साली त्यातील मद्यार्क काढून टाकण्यात आला आणि आज भारतात मिळणारे ग्राइप वॉटरही मद्यार्काविना असते, त्यामुळे 'ग्राइप वॉटर म्हणजे दारू' ही उलट बाजूची ओरडही आता निराधार आहे. मात्र तान्ह्या बाळाची संध्याकाळची रडारड बहुधा ते तीन-चार महिन्यांचे झाल्यावर आपोआप ओसरते, आणि त्या सुमारास जी बाटली चालू असेल तिला यश मिळते.

दात येण्याच्या पावडरींची कथा अधिक गंभीर आहे. त्यांतील कित्येकींत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे एक क्षारस्वरूप संयुग, असे. हातपाय लालगुलाबी होऊन सुजणे, कातडी सोलवटणे, मूल सतत त्रस्त राहणे अशा लक्षणांचा 'पिंक डिसीज' नावाचा विकार मुलांमध्ये दिसे आणि त्याचे कारण अनेक दशके कोणाला उलगडत नव्हते. १९४० च्या दशकात वॉर्कनी आणि हबार्ड यांनी अशा मुलांच्या लघवीत पारा दाखवून दिला. १९५४ च्या सुमारास ब्रिटनमधील पावडरींतून कॅलोमेल काढले गेले, आणि तो आजारच जवळजवळ नाहीसा झाला. दात येण्याच्या त्रासावरचे औषध हाच त्रास होता.

'पेटंट औषध' या नावाभोवतीचा गोंधळही दूर करणे भाग आहे. पेटंट म्हणजे शोधाचा तपशील जाहीर करण्याच्या बदल्यात ठरावीक मुदतीपुरता मिळणारा एकाधिकार; गुप्त कृतीवर पोट भरणाऱ्यांना नेमका हा तपशीलच जाहीर करायचा नसल्याने तथाकथित पेटंट औषधांपैकी बहुतेकांना पेटंट नव्हतेच, होते ते नोंदलेले नाव आणि चिन्ह. ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक लावला जाई. तो निव्वळ कराची पावती होता, पण गिऱ्हाइकाला त्यात सरकारी हमी दिसे आणि विक्रेते हा भ्रम दूर करण्याच्या भानगडीत पडत नसत. आजही भारतीय कायद्यात आयुर्वेदिक 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी' औषध ही संज्ञा आहे. तिचा अर्थ उत्पादकाने ग्रंथोक्त घटक घेऊन स्वतः जुळवलेले मिश्रण एवढाच असून पेटंट कार्यालयाशी तिचा संबंध नाही.

कृती गुप्त ठेवण्यामागे दरवेळी दुर्मिळ वनौषधीच असे, असेही नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली 'सीक्रेट रेमेडीज' या पुस्तकात अशा औषधांची पृथक्करणे छापली. त्यात जगभर खपणाऱ्या बीचम्स पिल्समध्ये काळा बोळ (कोरफडीचा आटवलेला रस), सुंठ आणि साबण निघाला. ५६ गोळ्यांच्या पेटीतील घटकांची किंमत अर्ध्या फार्दिंगच्या आसपास आणि विक्रीची किंमत एक शिलिंग दीड पेनी, म्हणजे मूळ द्रव्याच्या शंभर पटींहून अधिक होती. या व्यापाराची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी, बाहेर आला आणि अर्थातच कोणी वाचला नाही.

उरलेल्या समजुती थोडक्यात. भारतात नोकरी केलेल्या कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरच्या क्लोरोडाइनने कॉलरा बरा होई असे म्हणतात. त्यातील अफूमुळे जुलाब थांबत, पण कॉलऱ्यात माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि ते अफू भरून देत नाही. दरमहा एरंडेल दिल्याने 'पोट साफ' होऊन जंत पडतात ही कल्पना चूक आहे. एरंडेल आतड्याला चेतवते, जंतांना मारत नाही. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, आणि बाजारी काजळ-सुरम्याच्या काही नमुन्यांत शिसे सापडले आहे. बाम कपाळात 'मुरून' दुखणे ओढून काढत नाही. मेंथॉल त्वचेतील गारव्याची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंना फसवते, एवढेच. बाळगुटीत सहाणेवर वेखंडाचे किंवा जायफळाचे दोन वळसे कमीजास्त झाले तर काय बिघडते, या प्रश्नाला उत्तर आहे: वेखंडातील बीटा-असारोन आणि जायफळातील मिरिस्टिसिन या द्रव्यांना वळसे मोजता येत नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको म्हणते.

राहता राहिली डांबरगोळी, जिला अनेक घरांत अजूनही कापराची गोळी म्हटले जाते. ती कापूर नव्हे, नॅफ्थलीन आहे. नवजात बाळाला आधी जुने, मऊ झालेले कपडे घालण्याची महाराष्ट्रातली पद्धत आहे, आणि ते कपडे बहुधा या गोळ्यांसह ट्रंकेत ठेवलेले असतात. जी-सिक्स-पीडी या विकराची, म्हणजे लाल पेशींचे रक्षण करणाऱ्या एका प्रथिनाची, जन्मजात उणीव असलेल्या बाळाला नॅफ्थलीनच्या नुसत्या वाफेने रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. तेव्हा थोरल्या भावंडाचे झबले ट्रंकेतून काढले की ते गरम पाण्यात धुवून, वास पूर्ण जाईपर्यंत उघड्यावर वाळवून मगच धाकट्याच्या अंगावर चढवावे.