रक्ताचा एक दुर्लक्षित आंकडा

रक्त तपासून आलेला कागद हातीं पडला म्हणजे आपण हिमोग्लोबिन किती तें पाहतों आणि कागद घडी घालून ठेवून देतों. त्याच कागदावर ‘आर. डी. डब्ल्यू.’ अशीं अक्षरें असतात. तांबड्या पेशींच्या आकारमानांत परस्परांमध्यें किती तफावत आहे, याचें तें माप होय. निरोगी प्रौढांत तें सामान्यतः शेंकडा ११.५ ते १४.५ भरतें. पुष्कळ वर्षें त्याचा उपयोग रक्तक्षयाचा प्रकार ओळखण्यापुरताच होत असे.

२००७ सालीं अमेरिकेंतील डॉ. फेल्कर व त्यांचे सहकारी यांनीं, हृदयाची कार्यशक्ति क्षीण झालेल्या २,६७९ रुग्णांच्या ३६ तपासण्यांची छाननी प्रसिद्ध केली. मृत्यूशीं व रुग्णालयांत दाखल व्हावें लागण्याशीं सर्वांत निकटचा संबंध आढळला, तो याच आंकड्याचा.

असें कां व्हावें? तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. म्हणून अस्थिमज्जेंत नव्या पेशींची घडण अखंड चालू असते. शरीरांत दाह धुमसत असला, मूत्रपिंडें मंदावलीं किंवा लोह कमी पडलें, म्हणजे ही घडण बिघडते व लहानमोठ्या पेशी एकत्र वाहूं लागतात. दुर्बळ हृदयाच्या जोडीला या गोष्टी वारंवार येतात.

तर्कशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान करतात, त्यांतलाच हा प्रकार. परंतु धूर चुलीचाहि असतो! लोहाच्या किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावीं, हृदय निकोप असतांहि, हा आंकडा चढतो; आणि आपल्या देशांत, विशेषतः स्त्रियांत, लोहाची उणीव फार. शिवाय असें भाकित समूहाविषयीं असतें. कोणत्या गटाला धोका अधिक, एवढें तें सांगेल. त्यांतील अमुक गृहस्थ किती दिवस जगतील, हें सांगणार नाहीं.

मग उपयोग काय? कोणाकडे अधिक लक्ष पुरवावें हें डॉक्टरांस कळतें, आणि धुराच्या मुळाशीं जातां येतें. लोहाची उणीव असलेल्या अशाच हृदयरुग्णांना शिरेवाटें लोह दिलें असतां त्यांचा त्रास कमी झाला व चालण्याची शक्ति वाढली, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दिसून आलें.

तेव्हां या आंकड्याला कुंडली समजूं नये, आणि भिऊन तो लपवूंहि नये. डॉक्टरांपुढें कागद ठेवावा व एकच प्रश्न विचारावा : हा कशामुळें वाढला?