जांभ्यातील पाणी आणि विवृत्तीय समीकरणांचे समांगीकरण

मालवण तालुक्यातील कट्टा हे गाव ज्या मुलखात वसले आहे, तेथील सड्यांवर जांभा दगड दूरवर पसरलेला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तथापि वैशाखात अनेक विहिरींचा तळ दिसू लागतो. ह्या विसंगतीचे उत्तर भूगर्भात आहे, हे खरे. परंतु त्यामागे गणिताचाही एक प्रश्न आहे. त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

जांभ्याचा ताजा चिरा पाहिला असता त्यात भोके, वेड्यावाकड्या नळ्या व मातीने भरलेल्या पोकळ्या दिसतात. पाणी वाहू देण्याची क्षमता, म्हणजे पार्यता, बोटाबोटाच्या अंतरावर बदलत असते. आंरी दार्सी ह्याने १८५६ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे पाण्याचा प्रवाह हा पार्यता व जलदाबाचा उतार ह्यांच्या गुणाकाराएवढा असतो. भूजलाच्या पातळीखाली, स्थिर प्रवाहात, ह्या नियमाला पाण्याच्या अक्षय्यतेची जोड दिली म्हणजे जलदाबाचे विवृत्तीय आंशिक अवकल समीकरण मिळते. त्यातील सहगुणक बोटाबोटाला बदलणारा, आणि प्रश्न मात्र साऱ्या सड्याचा. म्हणून विषम द्रव्याच्या जागी, स्थूल प्रमाणावर तसेच वागणारे एकजिनसी द्रव्य कल्पावे लागते. ह्या प्रक्रियेस समांगीकरण म्हणतात.

सहगुणकाची सरासरी घेतली की झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. ते चूक का, हे एका मितीत स्पष्ट दिसते. पुढील समीकरण घेऊ :

−( क(क्ष/ल) उ′ )′ = फ,  उ(०) = उ(१) = ०.

येथे क हे आवर्ती फलन असून त्याचे मूल्य दोन धन संख्यांच्या दरम्यान राहते. त्याचा आवर्तनकाल १ आहे. ल शून्याकडे जाऊ दिला म्हणजे सहगुणक अधिकाधिक जलद आंदोलित होतो व दुर्बल अर्थाने आपल्या समांतर मध्याकडे अभिसरतो. उ′ हेही दुर्बल अर्थानेच अभिसरते. परंतु दोन दुर्बल अभिसारी क्रमांच्या गुणाकाराची सीमा ही त्यांच्या सीमांचा गुणाकार असतेच असे नाही. विषयाचे सारे मर्म ह्या एका वाक्यात आहे. ह्यातून वाट अशी निघते. प = क उ′ हा प्रवाह घ्यावा. त्याचा अवकलज −फ एवढाच असल्याने त्यात जलद आंदोलने राहू शकत नाहीत व तो प्रबल अर्थाने अभिसरतो. आता उ′ = प/क असे लिहिले, की एक अवयव प्रबल व दुसरा दुर्बल अभिसारी ठरतो आणि सीमा घेणे निर्वेध होते. १/क ह्याची दुर्बल सीमा म्हणजे त्याचा मध्य. म्हणून परिणामी सहगुणक हा त्या मध्याचा व्यस्त, अर्थात क चा हरात्मक मध्य, येतो.

फरक किती पडतो हे आकड्यांनी पाहू. दोन द्रव्ये निम्मी-निम्मी असून त्यांच्या पार्यता १ व १/१०० आहेत असे समजा. त्यांचे आडवे थर असतील व पाणी थरांना छेदून खाली जात असेल, तर परिणामी पार्यता हरात्मक मध्य, म्हणजे सुमारे ०.०१९८. पाणी थरांच्या बाजूने वाहत असेल, तर समांतर मध्य, ०.५०५. दोहोंत पंचवीसपटींहून अधिक अंतर आहे. तीच द्रव्ये प्रतलात बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे मांडली, तर उत्तर गुणोत्तर मध्य, ०.१, असे येते. तात्पर्य, घटकांचे प्रमाण ठाऊक असणे पुरेसे नाही. त्यांची मांडणी ठाऊक असली पाहिजे. शिवाय मूळ दोन्ही द्रव्ये सर्व दिशांना सारखी असूनही थरांपासून होणारे द्रव्य तसे राहत नाही : साध्या सहगुणकाच्या जागी आव्यूह येतो.

अनेक मितींत ह्या आव्यूहासाठी बंद सूत्र सहसा मिळत नाही. एका आवर्ती कोष्ठात प्रत्येक दिशेने एकक उतार लादावा, प्रवाहाचे अपसरण शून्य होईल अशी आवर्ती दुरुस्ती शोधावी, आणि त्या प्रवाहाचा मध्य घ्यावा. आव्यूहाचा तो तो स्तंभ मिळतो. स्पान्योलो ह्यांनी १९६८ मध्ये ह्या अभिसरणाला काटेकोर रूप दिले. पुढे म्यूरा व तार्तार ह्यांनी ते असममित सहगुणकांपर्यंत नेले. बाँसूसाँ, लिआँस व पापानिकोलाऊ ह्यांचा आवर्ती रचनांवरील ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील गणितज्ञांनी ह्या विषयाची जोपासना केली. एस. केशवन ह्यांचे विवृत्तीय प्रश्नांच्या आयगेन-मूल्यांच्या समांगीकरणावरील दोन निबंध १९७९ चे आहेत. छिद्रयुक्त क्षेत्रांसाठी एम. वण्णिनाथन ह्यांनी तेच कार्य पुढे नेले.

आता सड्याकडे परत येऊ. वर सच्छिद्र जांभा व खाली चिकणमातीचा थर असला, म्हणजे खोल जाणाऱ्या पाण्यावर हरात्मक मध्याचे, म्हणजे मुख्यतः चिकणमातीचे, नियंत्रण असते. आडवे वाहणाऱ्या पाण्यावर समांतर मध्याचे, म्हणजे जांभ्याचे, असते. म्हणून पावसाचे पाणी खोल न मुरता बाजूने सरकते, सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि ओहोळांवाटे समुद्राला मिळते. गावाच्या पाण्याचा हिशेब करताना उभ्या दिशेसही समांतर मध्य वापरला, तर वरील उदाहरणात जमिनीत मुरणारे पाणी पंचवीसपट फुगवून धरले जाईल. कागदावर भरलेली विहीर प्रत्यक्षात कोरडी राहील.

एक मर्यादा मात्र विसरू नये. सूक्ष्म रचनेचे माप क्षेत्राच्या मापाच्या मानाने अत्यल्प असेल, तेथेच समांगीकरण सार्थ होते. जांभ्यातील एखादी पोकळी विहिरीच्या रुंदीएवढी असेल, तर तिला सरासरीत बुडवता येत नाही. तिची गणना स्वतंत्रपणेच केली पाहिजे. कोणती पोकळी सूक्ष्म मानावयाची व कोणती स्थूल, हे समीकरण सांगत नाही. ते ठरविण्यासाठी अभ्यासकाने सड्यावर जाऊन दगड पाहिला पाहिजे.