काटा, पट्टी आणि जन्मतारीख : बालकुपोषणाच्या मापनाचा मागोवा

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. परंतु दगडखाणी, खडी क्रशर, वीटभट्ट्या आणि अलीकडे उंच गृहप्रकल्प यांवर राबणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांची वस्ती या परिसरात त्याआधीपासून आहे. खाणकामगारांची मुले गावातल्या शाळेपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून शाळाच खाणीवर नेण्याचे ‘पाषाण शाळां’चे काम ‘संतुलन’ संस्थेने येथे १९९७ मध्ये सुरू केले. शिक्षणात जी अडचण होती, तीच कुपोषित बालक ओळखण्यातही येते. कारण गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्यासाठी रूढ झालेल्या शरीरमापांपैकी बहुतेकांनी एका ठिकाणी राहणारे कुटुंब आणि ठाऊक असलेली जन्मतारीख गृहीत धरली होती.

या मापांपैकी सर्वाधिक प्रचलित झाले ते वयानुसार वजन. मेक्सिकोचे बालरोगतज्ज्ञ फेडेरिको गोमेझ यांनी १९५६ मध्ये प्रमाणित वजनाशी तुलना करून कुपोषणाच्या तीन श्रेणी पाडल्या, तर भारतीय बालरोग अकादमीने १९७२ मध्ये प्रमाणित वजनाच्या ८०, ७०, ६० आणि ५० टक्के या सीमारेषांवर चार श्रेणी ठरवल्या. अकादमीच्या या तुलनेसाठीचे मानक मात्र अमेरिकेतील बॉस्टन परिसराच्या मुलांवरून बेतलेले होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीतील वजनकाटा आणि वाढीचा तक्ता यांच्यामागे हीच पद्धत होती आणि पुढे ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील बालके’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या शासकीय अहवालांत व वृत्तपत्रांत रुळला. दरमहा वजन घेऊन तक्त्यावरील रेषा चढते की सपाट होते हे पाहणे हा या पद्धतीचा खरा गाभा होता; ज्याचे वय अंदाजाने सांगितले जाते आणि जे दिवाळीनंतर भट्टीवर येऊन पावसाळ्यापूर्वी परत जाते, अशा बालकाची ही रेषा पूर्ण होत नव्हती.

वयाची अट टाळणारे माप त्याच काळात पुढे आले. एक ते पाच वर्षांच्या दरम्यान निरोगी बालकाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही, कारण तान्हेपणची चरबी कमी होत असताना स्नायू वाढत जातात. या निरीक्षणाच्या आधारे डेरिक जेलिफ यांनी १९६० च्या दशकात दंडघेराच्या मापाचा पुरस्कार केला आणि १९७४ मध्ये अदनान शाकीर व डेव्हिड मॉर्ली यांनी साडेबारा व साडेतेरा सेंटिमीटरवर रंग बदलणारी पट्टी सुचवली. डावा हात सैल सोडून खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मध्यावर पट्टी, ना सैल ना आवळून, गुंडाळायची आणि रंग पाहायचा, इतकी ही कृती सुटसुटीत असल्याने अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही ती साधते.

मोजमाप सोपे झाले, तरी त्याचा अर्थ काय लावायचा हा वाद मिटला नव्हता आणि त्या वादाचे एक केंद्र पुणे होते. अन्न व कृषी संघटनेतील कामानंतर पुण्यात स्थायिक झालेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी शरीर आहारातील चढउतारांशी काही मर्यादेत जुळवून घेते, असे प्रतिपादन केले; अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी त्यापुढे जाऊन लहान चणीची मुले निरोगी असू शकतात, असा सिद्धान्त मांडला, तर पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी खुरटलेली वाढ ही वंचनेचीच खूण असल्याचे सांगून त्याला कडाडून विरोध केला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जवळच्या खेड्यांतील मातांवर सुरू केलेल्या अभ्यासाने या प्रश्नात आणखी एक पदर उलगडला : तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो म्हणजे कमीच होते, परंतु त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने टिकून होती. वजनाचा एकच आकडा शरीर कशाचे बनले आहे हे सांगत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

‘लहान चण’ हा वंशाचा भाग की परिस्थितीचा, या प्रश्नाला जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांनी बरेचसे उत्तर दिले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील पोषक परिस्थितीत वाढणाऱ्या बालकांची मापे घेतल्यावर त्यांची लहानपणीची उंची जवळपास सारखीच वाढते असे दिसले. भारताने ही मानके २००८ मध्ये अंगणवाड्यांसाठी स्वीकारली. त्यानंतर टक्क्यांऐवजी प्रमाण विचलन, म्हणजे मध्यकापासूनचे सांख्यिकीय अंतर, हा निकष आला आणि तीन प्रकार वेगळे नोंदले जाऊ लागले : वयानुसार वजन कमी असणे, वयानुसार उंची कमी असणे (खुरटलेपणा) आणि उंचीच्या मानाने वजन कमी असणे (लुकडेपणा). खुरटलेपणा दीर्घकालीन वंचना दाखवतो, तर लुकडेपणा बहुधा अलीकडील उपासमार किंवा आजार. याच संघटनेच्या २००९ च्या शिफारशीनुसार उंचीनुसार वजन उणे तीन विचलनांखाली, किंवा सहा महिने ते पाच वर्षे वयोगटात दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी, किंवा दोन्ही पायांवर सूज, यांपैकी एकही लक्षण असल्यास बालक तीव्र कुपोषित म्हणजे ‘सॅम’ ठरते, दंडघेर ११.५ ते १२.५ सेंटिमीटरच्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषित म्हणजे ‘मॅम’.

उंचीनुसार वजन आणि दंडघेर या दोन प्रमुख मापांना मात्र नेहमी तीच मुले सापडत नाहीत. दंडघेर तुलनेने लहान वयाच्या बालकांना अधिक पकडतो आणि मृत्यूचा धोका चांगल्या प्रकारे सूचित करतो. उंचीनुसार वजनाच्या निकषावर भारतात कितीतरी अधिक मुले तीव्र कुपोषित ठरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात उंचीनुसार वजन कमी असलेल्या पाच वर्षांखालील बालकांचे महाराष्ट्रातील प्रमाण २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन्ही वेळी २५.६ टक्के होते, परंतु एकूण बालकांतील तीव्र गटाचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. २००५ मध्ये स्थापन झालेले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन, ग्राम बाल विकास केंद्रे आणि पुढे पोषण ट्रॅकर या सर्व व्यवस्था अंगणवाडीच्या यादीतील बालकापाशी सुरू होतात. यादीत नसलेले मूल काट्यावरही येत नाही आणि सर्वेक्षणाच्या टक्केवारीतून कोणत्या भट्टीवर कोणते मूल आहे, हेही कळत नाही.

म्हणूनच वाघोलीसारख्या ठिकाणी कोणते माप अचूक, या प्रश्नाआधी ते कोणत्या मुलापर्यंत पोहोचते, हा प्रश्न येतो. नायजरमधील प्रयोगांत मातांनी स्वतः वापरलेली दंडघेराची पट्टी उपयुक्त ठरल्याचे दिसले आहे. भट्टीवरील किंवा खाणीवरील आईच्या हाती ती देता येते, कारण तिला तक्ता, काटा आणि जन्मतारीख यांपैकी काहीच लागत नाही. पण पट्टीवर धोक्याचा लाल रंग दिसल्यानंतर उपचार कोठे मिळेल आणि कुटुंब हंगामानंतर गावी परतले तर ती नोंद पुढच्या अंगणवाडीकडे कशी जाईल, याची जबाबदारी आईवर टाकता येत नाही. ती व्यवस्थेची आहे आणि पन्नास वर्षांत मापे जितकी सुधारली, तितकी ही दुसरी बाजू सुधारलेली नाही.