चारच्या चहाबरोबर मूठभर दाणे

परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. अंगकाठी सडपातळ, पण रक्तातील साखर वाढू लागलेली. “डॉक्टर, तेलकट म्हणून शेंगदाणे पार बंद केले,” ते अभिमानाने म्हणाले. मग चारच्या चहाबरोबर काय? सहा-सात बिस्किटे! घरी पोचताच पुन्हा कडकडून भूक आणि स्वयंपाक होईपर्यंत चिवड्याच्या डब्यावर हात.

मैद्याचे बिस्किट तोंडात विरघळते आणि लवकर पचते. दाणा चावावा लागतो. मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम दाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शिवाय तंतू आणि स्निग्धांश. स्निग्धांश आतड्यात पोचला की तेथे काही संप्रेरके स्रवतात, जठर सावकाश रिकामे होते आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०१३ मधील प्रयोगात काहींना चार आठवडे रोज ४३ ग्रॅम बदाम दिले. मधल्या वेळी ते खाणाऱ्यांची भूक शमली, वजन मात्र वाढले नाही. अख्ख्या दाण्यातील थोडा स्निग्धांश न पचताच बाहेर पडतो, हेही त्याचे एक कारण. तेलात वा बारीक कुटात हा फायदा मिळत नाही.

“पण मी तर बारीकच आहे!” असे म्हणू नका. आपल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

मात्र मूठभर दाण्यांत १७० कॅलरी असतात. ते बिस्किटांऐवजी खावेत, बिस्किटांवर नव्हे. रक्तदाब असल्यास खारे दाणे टाळा. कडवट, बुरशी आलेले दाणे फेकून द्या; भाजून त्यातील विष पुरते जात नाही. पाच वर्षांखालील मुलांना अख्खा दाणा देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. दाण्यांची ॲलर्जी असलेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊच नये.

त्या गृहस्थांना मी सांगितले, “औषध चालू ठेवा. भाजके दाणे वाटीत मोजून घ्या, सावकाश चावा.” तीन आठवड्यांनी ते आले. साखरेचा निकाल अजून कळायचा आहे, पण म्हणाले, “डॉक्टर, सौ. विचारते, चिवडा आता करू कोणासाठी?”